धानावर टांगलेल्या सीड्या

लाखनी
२१ सप्टेंबर २००८

धर्मेंद्रदादा,

जयभीम. फोन तू कापतोस, ई-मेल न उघडता पुसून टाकतोस, म्हणून हा लिफाफा. आलेला लिफाफा न फोडता फेकणं आपल्या घरात अजून कोणाला जमलेलं नाही. बाबा तर सोसायटीच्या सभेची सूचनाही दोनदा वाचतात.

मी मजेत आहे, हे आधी सांगते. बुद्धपौर्णिमेला तू ज्या थाटात निघून गेलास, त्यावरून मी इकडे डोक्याला हात लावून बसले असेन असं तुला वाटत असणार. नाही बसले. संगणकाचा क्लास चालू आहे, मुली येतात, वीज असली की शिकतात आणि नसली की माझं डोकं खातात.

एक गोष्ट मात्र तुझ्या मनासारखी झाली. हायवेच्या रुंदीकरणाची लाल खूण क्लासच्या भिंतीवर पडली. दिवाळीनंतर ही ओळच्या ओळ तुटणार, चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळी. तू उंबऱ्यात उभा राहून म्हणाला होतास ना, "खोली गेली की तुझं खूळही जाईल, मग मी तिकीट पाठवतो, गुमान बंगलोरला ये." आणि मी रागाच्या भरात "बरं" म्हणून बसले. म्हटलं ते म्हटलं. दुसरी जागा मिळाली नाही, तर सगळं गुंडाळून मी येते. पण मिळाली, तर तू तोंड उघडायचंस. एवढीच माझी अट आहे.

तुझी अडचण मला कळत नाही असं नको समजूस. तुझी कंपनी शाळांना जे विकते, तसंच काम करणारं सॉफ्टवेअर मी बाजारात टेबल मांडून फुकट वाटते. सख्खी बहीण असं करते म्हटल्यावर ऑफिसात तुला कसं वाटत असेल! पण दादा, त्याची सीडी मला पहिल्यांदा दाखवली कोणी? नागपूरच्या होस्टेलातून सुट्टीत येताना मळक्या कपड्यांच्या पिशवीत घालून आणली कोणी? तेव्हा तूच डोळे मोठे करून सांगत होतास की हे सॉफ्टवेअर उघडं असतं, आत काय आहे ते कोणीही पाहावं, हवं ते बदलावं, दुसऱ्याला द्यावं, कोणाला विचारायला नको. सीडी टाकली की मशीन तिच्यावरूनच चालतं, आतल्या कशाला धक्का लागत नाही. मी तेवढंच धरून ठेवलंय. सोडलंस ते तू.

असो. परवा एकोडीच्या आठवडी बाजारात आमचं पहिलं प्रात्यक्षिक झालं. क्लासमधलं एक मशीन ऑटोत घालून नेलं, पानवाल्याकडून वीज घेतली, आणि भोंग्यावर बाबांना बसवलं. चिखल्याच्या खाणीत जन्मभर मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला माणूस, त्याला भोंग्याची गरज नव्हतीच. "या, पाहा, घेऊन जा! शेजाऱ्याले द्या! कसंही वापरा!" सगळा बाजार दणाणला. रिटायर झाल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

शेजारी सखाबाई मासोळ्या घेऊन बसल्या होत्या. त्या एकोडीच्याच, ढिवरांपैकी, त्यांचा नवरा बुधराम मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. त्या माझ्यावर वैतागल्या. "पोरी, गिऱ्हाईक सारं तुह्या टीव्हीकडं पाहून राहिलं. माह्या मासोऱ्या कोन घेईन?" मी लगेच एक सीडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी उन्हात धरून फिरवली, स्वतःचं तोंड पाहिलं, आणि म्हणाल्या, "अजून दे." मी दिल्या. लोकांनीही पटापट नेल्या. घरी येताना माझ्याजवळ एकच सीडी उरली होती आणि मी ऑटोत गाणं म्हणत होते.

तुझी,
हर्षा

लाखनी
१२ ऑक्टोबर २००८

दादा,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहत नव्हतेच. पण पोस्टमन सायकलवरून उतरला की बाबा चष्मा पुसायला घेतात, ते मला बघवत नाही. दसऱ्याला त्यांना दीक्षाभूमीवर नेऊन आणलं. गर्दीत ते सारखे उजवीकडे वळून पाहत होते. त्या बाजूला तू असायचास.

आता माझी फजिती ऐक. तुला हसायला आवडेल.

सीड्या नेलेल्यांपैकी कोणी कोणी त्या लावून पाहिल्या, कुठे अडलं, हे विचारायला मी काल एकोडीला गेले. गावाआधीच्या वळणावरच डोळे दिपले. धान निसवलाय, लोंब्या भरत आल्यात, आणि बांधीभोवतीच्या मातीच्या धुऱ्याधुऱ्यावर बांबूच्या काड्या रोवून त्यांना दोऱ्याने टांगलेल्या माझ्या सीड्या! वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. एकेकीवर मी माझ्या हाताने, रंगीत मार्करने, ‘मोकळं सॉफ्टवेअर’ असं लिहिलेलं.

सखाबाई धुऱ्यावर गवत कापत होत्या. मी ओरडलेच, "मावशी, हे काय केलंत?"

"पाखरं भेतात ना बाई," त्या कौतुकाने म्हणाल्या. "यंदा हाकलाले बसाच लागत नाही. लय कामाची वस्तू काढली तुनं. शेजारनीले देल्ली, तिच्या बहिनीलेही देल्ली."

"अहो, ती मशीनमध्ये घालायची असते."

"मंग तसं सांगाव ना! तुहा बाप तं भोंग्यावर वरडत होता, शेजाऱ्याले द्या, कसंही वापरा. मी कसंही वापरली. चुकलं का?"

दादा, तूच सांग, चुकलं का? तू मला शिकवलेली एकेक गोष्ट त्या बाईने केली होती. घेतली, वाटली, आपल्या कामाला लावली, आणि मधल्या भोकात दोरा ओवून आपल्या सोयीने बदललीसुद्धा. मी आधी चिडले, मग धुऱ्यावर बसून पोट धरून हसले. दोन-तीन तरी परत द्या म्हटलं, तर म्हणाल्या, "धान कापल्यावर नेजो." हलका धान निघेल आता, पण त्यांच्या बांधीत भारी, उशिरा पिकणारा धान आहे. म्हणजे दिवाळीनंतरच.

तेवढ्यात बुधरामकाका तलावाकडून आले. उंच, काटक माणूस, खांद्यावर ओलं जाळं. माझी हकिगत ऐकून तेही हसले, पण मी बोलत राहिले. हायवेत खोली जातेय हे सांगितलं. तलावाच्या पाळीखाली सोसायटीची पक्की खोली रिकामी पडून आहे, हे मला ठाऊक होतं. ती क्लासला द्याल का, असं विचारूनच टाकलं. तिथे कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक संगणकही आहे, कुठल्याशा योजनेतून आलेला. थोडे दिवस चालला, मग व्हायरसने बसला तो बसलाच. तेव्हापासून त्याच्यावर जाळी वाळत घालतात.

"खोली मागून राहिली," ते म्हणाले, "मंग आमची मशीन उठवून दाखव. मंडईच्या दिवशी, साऱ्या गावासमोर. उठली तं खोली तुही. नाही उठली तं तिलेही मी धुऱ्यावर टांगतो."

मी "हो" म्हणाले. म्हणजे मंडईचा दिवस ठरवील मी इथे राहते की तुझ्याकडे येते.

एकोडीची दिवाळीनंतरची मंडई आठवते? त्या जत्रेला आई आपल्याला मामाकडे न्यायची. लेकी-जावयांनी गाव फुललेलं, शिंगाड्यांचे ढीग, संध्याकाळी दंडारीची ढोलकी आणि सोंगं. अशा लोकांसमोर नुसतं मशीन उठवून काय होणार? म्हणून मी आणखी एक उद्योग मांडलाय. संगणकावर लिहायच्या त्या प्रोग्रॅममधले शब्द आपल्या बोलीत करते आहे. उघडं आहे म्हणून करता येतं, तूच म्हणायचास. ‘संचयित करा’च्या जागी ‘जपून ठेव’. ‘बाहेर पडा’च्या जागी ‘येतो मंग’. बाबा खाटेवर बसून शब्द सुचवतात, त्यातले निम्मे खाणीतले असतात आणि पोरींसमोर दाखवता येण्यासारखे नसतात.

एकाच ठिकाणी अडले आहे. मशीन काही करत असलं की पडद्यावर येतं, ‘कृपया प्रतीक्षा करा’. असं कोणी कोणाला घरात म्हणतं का? मला तिथे आईचं पाहिजे. आपण भुकेने चुलीभोवती नाचायला लागलो की ती काहीतरी म्हणायची. तोच सूर, तेच शब्द, रोज. मला सूर आठवतो, शब्द आठवत नाहीत. मी लहान होते ती गेली तेव्हा. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मी तं खाणीत पाळीवर राहो." तुला आठवत असेल. नाही सांगितलंस तरी मी दुसरं काही तिथे घालणार नाही, ते तसंच राहू दे.

हर्षा

लाखनी
७ नोव्हेंबर २००८

दादा,

मंडई झाली. सगळं नीट सांगते, मध्येच शेवट विचारू नकोस.

दुपारी सोसायटीच्या खोलीतून ते मशीन बाहेर काढलं. जाळीचे धागे आणि मासळीचा वास झटकला, मैदानात दंडारीच्या मंडपाशेजारी टेबलावर ठेवलं, दंडारीवाल्यांच्या जनरेटरवरून तार ओढली. माणसं जमली. जिलबी खात खात, पोरं कडेवर घेऊन, "हे का होय?" विचारत. बुधरामकाका समोर खुर्ची टाकून बसले, नवे धुतलेले कपडे, हातात काठी.

बाबांनी खिशातून सीडी काढून माझ्या हातात दिली. माझी ती एकुलती एक राहिलेली; दुसरी तयार करून ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. मी ती टाकली. मशीन घुरघुरलं, खरडलं, पुन्हा घुरघुरलं, आणि पडदा काळाच. परत काढली, परत टाकली. तेच. मग उन्हात धरून पाहिली तर खालची बाजू गोल गोल ओरखड्यांनी पांढरी झालेली.

"बाबा, हिला काय झालं?"

"कुठं काय? बोटाचे डाग पडले होते तिच्यावर," बाबा अभिमानाने म्हणाले. "सकाळी चुलीच्या राखीनं घासून देल्ली. पाह्य कशी लखलखते."

आईची पाण्याची पितळी गुंडी ते अजून तशीच घासतात, तुला माहीत आहे. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं. दादा, त्यांचा चेहरा असा पडला की मला क्लासचं काही वाटेना, खोलीचं वाटेना. म्हणाले, "माह्यानं गेलं का वो सारं?" मी म्हटलं, "नाही बाबा, काही गेलं नाही." आणि ते म्हणताना मला ठाऊक होतं की गेलंय. लाखनीला जाऊन नवी सीडी तयार करून आणेपर्यंत दंडार उभी राहिली असती, मग मशीनकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

"झालं?" बुधरामकाकांनी काठी उचलली. "टांगू का?"

लोक खो खो हसले. मीही हसले, करते काय. मनात मात्र बंगलोरचं तुझं स्टेशन, तुझी सोसायटी, तुझी लिफ्ट, सगळं येऊन गेलं. नजर चुकवायला मी लोकांच्या डोक्यांवरून तलावाच्या पाळीकडे पाहिलं. ऊन उतरलं होतं. पाळीपलीकडे सखाबाईंचा भारी धान अजून उभाच होता, आणि त्यावर माझ्या सीड्या चमकत होत्या.

"मावशी!" मी अशी ओरडले की दंडारीतला ढोलकीवाला दचकला.

सखाबाई माहेरी आलेल्या लेकीला बांगड्या घेऊन देत होत्या. मी बोट दाखवलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. "आता पाखरं शिरतील त्याचं पाप तुह्यावर," असं म्हणत त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या. लेक मागे, लेकीच्या मागे सगळी पोरंटोरं. परत आल्या त्या दोरीत ओवलेल्या मासोळ्यांसारख्या सीड्या हातात लोंबवत.

पहिलीवर पाखरांनीच शेरा मारून ठेवला होता. ती चाललीच नाही. दुसरी मी तलावाच्या पाण्याने धुतली, सखाबाईंच्या लेकीच्या मऊ ओढणीने टिपली. बाबा हात मागे बांधून लांब उभे राहिले, चुकून स्पर्श होईल म्हणून. सीडी आत गेली. मशीन घुरघुरलं. खरडलं नाही. घुरघुरतच राहिलं, आणि मग पडदा उजळला.

टाळ्या नाही पडल्या. लोक जिलबी हातात धरून, माना पुढे काढून पाहू लागले. इतके महिने जाळी वाळवलेलं मशीन ऊन-वाऱ्यातून आणलेल्या चकतीवर उठलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग सखाबाईच म्हणाल्या, "बापा! हे तं खरंच मशीनीत घालाची होती."

त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. पेन ड्राइव्हवरून आपल्या बोलीचे शब्द चढवले आणि पडद्यावर ‘येतो मंग’ आलं तशी गर्दी टेबलावर पडली. ‘फेकून दे’ पाहून एका म्हातारीने "मशीन आमच्यावानी बोलते" म्हणून शेजारणीला ओढून आणलं. एका बाईला ‘जपून ठेव’ आवडलं नाही, ‘सांबारून ठेव’ पाहिजे म्हणाली. मी तिथल्या तिथे बदललं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, आणि तिचा शब्द पडद्यावर! ती बाई लाजून पदराआड गेली आणि दर मिनिटाला परत येऊन पाहून गेली. हे उघडं असतं म्हणजे काय, ते बाजारात बाबांनी भोंग्यावर तासभर सांगून लोकांना कळलं नव्हतं.

मध्येच ‘कृपया प्रतीक्षा करा’ आलं. बुधरामकाकांनी काठीने दाखवलं, "हे कोन बोललं? तहसीलचे साहेब?" दहा जणांनी दहा शब्द सुचवले. मी म्हटलं, "ते राहू द्या. ते आमच्या घरून यायचं आहे."

खोली मिळाली, दादा. बुधरामकाका उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "खोली पोरीची. पन बाकीच्या सीड्या आजच्या आज धुऱ्यावर परत गेल्या पाहिजे. माहा धान अजून उभा हाय." आणि त्या रात्री दंडारीत सोंगाड्याने राखेने सीडी घासणारा बाप करून दाखवला. बाबा पहिल्या ओळीत बसून सगळ्यांत जास्त हसले. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

सगळे शब्द मी आता इंटरनेटवर ठेवलेत, कोणालाही पाहता येतील आणि सुधारणा सुचवता येतील असे. पत्ता पत्राच्या मागे लिहिला आहे. खोली मिळाली, म्हणजे आता अट तू पाळायचीस, तोंड उघडायचंस.

हर्षा

एकोडी
३० नोव्हेंबर २००८

दादा,

पत्राच्या वर गावाचं नाव पाहिलंस? आम्ही हललो. लाखनीची खोली तुटली, पण त्याआधी मशीनं इकडे आली. खिडकीतून तलाव दिसतो, दुपारी जाळी ओढणाऱ्यांचा आवाज येतो. दार उघडलं की मासळीचा वास येतो, तो जाणार नाही असं सखाबाईंनी आधीच सांगून ठेवलंय. त्यांचा धान कापून झाला, पेंढ्यांचं पुंजणं रचून झालं, आणि सीड्या त्यांनी धुऊन, पुसून, फडक्यात बांधून परत आणून दिल्या. सगळ्या नाही. काही पुढच्या हंगामासाठी ठेवल्यात.

काल मी शब्दांच्या त्या पानावर सूचना पाहत होते. नागपूरच्या कोणा मुलाने दोन-तीन पाठवल्या होत्या. त्यांच्या खाली एक होती, पाठवणाऱ्याच्या जागी नाव नाही. ‘कृपया प्रतीक्षा करा’ याच्याऐवजी लिहिलं होतं:

‘दम धरा रे, भाताले वाफ येऊ द्या.’

मी ते मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचता सूर आपोआप लागला. मला वाटलं होतं विसरले. बाबा दारात उभे होते. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मालनच बोलली." आईचं नाव त्यांच्या तोंडून मी किती दिवसांनी ऐकलं. घरी नसायचे ते, पण सुट्टीच्या दिवशी कधीतरी ऐकलं असेलच. नंतर बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला, या वेळी पोस्टमन नव्हता तरी.

नाव का नाही घातलंस, ते मला कळतं. तुझ्या नोकरीचं मी काही विचारत नाही, आणि कोणाला सांगणारही नाही. सूचना मी स्वीकारली आहे. आता बुधरामकाकांचं मशीन कामाला लागलं की आधी आई बोलते. पोरी हसतात, त्यांच्याही आया असंच म्हणत असतील. सखाबाई परवा पडद्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बराबर हाय. वाफ आल्याबिगर कसं उतरवाचं?"

तर तू तोंड उघडलंस. अट पुरी झाली, माझ्याकडून भांडण मिटलं. तिकीट मला पाठवू नकोस. काढायचंच असेल तर तुझं काढ, पुढच्या मंडईचं. त्या दिवशी घरात भात मी मांडणार आहे, आणि तू भुकेला, घाईत, बूट न काढता चुलीपाशी येणार आहेस. तेव्हा ते शब्द तुला माझ्या तोंडून ऐकून घ्यावे लागतील.

तुझी,
हर्षा